प्रशस्तीचा अर्थवाद : अतिस्तुतीच्या वाचनाविषयी

१

राजस्तुतीच्या मजकुराकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्या इतिहासलेखनात व वाङ्मयेतिहासात रूढ झाल्या आहेत. पहिली रीत श्रद्धाळूपणाची. कोरीव लेखात जे लिहिले आहे ते तसेच घडले, असे मानून ती साम्राज्यांचे नकाशे रंगविते. दुसरी रीत संशयाची. प्रशस्ती म्हणजे पोटार्थी कवीची भाटगिरी, तेव्हा तिच्यातील विशेषणे टरफलासारखी काढून टाकावीत आणि नावे, तिथी व गावे तेवढी उचलावीत, असे ती सांगते. या दोन्ही रीती वरकरणी परस्परविरुद्ध असल्या तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. प्रशस्तीतील वाक्य हे वस्तुस्थितीविषयीचे विधान आहे, असे दोघीही धरून चालतात. एक ते विधान खरे मानते, दुसरी खोटे. ते मुळात विधान म्हणून उच्चारलेले आहे काय, आणि नसल्यास कोणत्या प्रकारची उक्ती म्हणून ते वाचावे, हा साहित्यमीमांसेचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंतच्या काही निवडक प्रशस्तींच्या आधारे तपासावयाचा आहे. त्यांतील बहुतेक दक्षिणापथातील, म्हणजे आपल्या घरच्या आहेत. प्रतिपाद्य थोडक्यात असे : अतिस्तुतीला अर्थ असतो तो ती ज्या कृतीला जोडलेली असते त्या कृतीमुळे. ती कृती बाजूला सारून स्तुती वाचली की श्रद्धाळू वाचक फसतो आणि संशयी वाचक दरिद्री होतो. स्तुती जेथे गरजेपेक्षा फुगते, तेथे बहुधा काहीतरी झाकलेले, तुटलेले किंवा भीतीचे असते. त्या फुगवट्याची जागा नेमकी हेरणे हे समीक्षकाचे काम आहे.

२

यासाठी लागणारे साधन परक्या सिद्धान्तव्यूहातून उसने आणण्याची गरज नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील पहिल्या अध्यायाचा दुसरा पाद अर्थवादाच्या चर्चेला वाहिलेला आहे. वेदात विधिवाक्यांच्या शेजारी स्तुतिपर किंवा निंदापर वाक्ये येतात. ती कोणतेही कर्म सांगत नाहीत. मग त्यांचे प्रामाण्य कशात, असा पूर्वपक्ष आहे. सिद्धान्ती उत्तर देतो की ही वाक्ये स्वतःच्या शब्दार्थात संपत नाहीत, विधीशी एकवाक्यता पावून ती विहित कर्माची प्रशंसा करतात. वायू ही सर्वांत वेगवान देवता आहे, या वाक्याचा हेतू वायूचा वेग मोजून सांगण्याचा नाही. वायूला उद्देशून करावयाच्या कर्माकडे यजमानाची प्रवृत्ती व्हावी, यासाठी ते आले आहे.

पुढील मीमांसकांनी अर्थवादाचे तीन प्रकार सांगितले. जो अन्य प्रमाणाशी विरोध पावतो तो गुणवाद. यज्ञातला खांब सूर्य आहे असे म्हटले तर तेथे तेजाच्या साम्यावरून लक्षणा समजावयाची. जो अन्य प्रमाणाने आधीच ज्ञात असलेली गोष्ट पुन्हा सांगतो तो अनुवाद. आणि ज्याला अन्य प्रमाणाचा विरोधही नाही व दुजोराही नाही, तो भूतार्थवाद. ही विभागणी वेदवाक्यांसाठी केलेली असली तरी कोरीव प्रशस्तींना ती चपखल लागू पडते. कारण उपलब्ध प्रशस्तींपैकी बहुसंख्य कोणत्या तरी कृतीला, म्हणजे लेण्याच्या दानाला, तलावाच्या दुरुस्तीला किंवा मंदिराच्या उभारणीला जोडलेल्या आहेत. दान हा विधी, स्तुती हा त्याचा अर्थवाद. एवढे मान्य केले की प्रत्येक विशेषणाला दोन प्रश्न विचारता येतात : त्याला अन्य प्रमाणाचा विरोध आहे की आधार? आणि शेजारच्या कृतीशी त्याचे नाते काय?

अलंकारशास्त्रानेही अतिस्तुतीचा विचार केला आहे, पण तो रुचीच्या अंगाने. दंडीने काव्यादर्शाच्या पहिल्या परिच्छेदात कांती नावाचा गुण सांगितला. लौकिक अर्थाची मर्यादा न ओलांडता केलेले वर्णन सर्व जगाला प्रिय होते, असे त्याचे मत. हा वैदर्भ मार्ग. उलट गौडांना प्रिय असणाऱ्या मर्यादातिक्रमाला तो अत्युक्ती म्हणतो. त्याचे एक उदाहरण पाहुण्याच्या स्वागताचे आहे. तुमच्यासारख्या तपस्व्यांच्या पायधुळीने पावन होतात तीच खरी घरे, असे म्हणणे कांतीत बसते. तुमच्या पायधुळीने सारे पाप धुऊन निघाल्यामुळे आमचे घर आजपासून देवळासारखे पूज्य झाले, असे म्हटले की अत्युक्ती झाली. या भेदात एक बारकावा आहे. दोन्ही वाक्यांत स्तुतीची वस्तू एकच आहे. पहिले वाक्य ऐकणाऱ्याला ते शिष्टाचाराचे बोलणे आहे हे ठाऊक असते, दुसरे वाक्य शिष्टाचाराची चौकट सोडून वस्तुस्थितीवर हक्क सांगू लागते. दंडीला हे खटकले. तथापि अत्युक्तीची गरज कोणाला व केव्हा पडते, हा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता. तो इतिहासाने विचारावयाचा आहे.

३

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात हे लेणे तिने भद्रायणीय पंथाच्या भिक्षूंना दिले आणि लेण्याच्या चित्रकामासाठी एक गाव नेमून देण्यात आले. लेखाचा मोठा भाग मात्र दानाने व्यापलेला नाही. तो तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या विशेषणांनी भरला आहे. त्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले. तो राम, केशव, अर्जुन व भीमसेन यांच्या तोडीचा. शक, यवन आणि पह्लव यांचा त्याने नाश केला. क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद केला. क्षत्रियांचा दर्प मोडला. चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला. आईची सेवा कधी चुकविली नाही.

यांतील क्षहरातांच्या पराभवाचे विशेषण अनुवादात जमा होते. नाशिक जिल्ह्यातील जोगलथेंबी येथे १९०६ साली क्षहरात नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाण्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला आहे. शत्रूच्या नाण्यावर उमटलेला ठसा हा प्रशस्तीहून अधिक कोरडा साक्षीदार. तो येथे प्रशस्तीच्या बाजूने बोलतो. संशयवादी रीतीने हे विशेषण आधीच टाकून दिले असते.

पण याच लेखात आणखी एक विशेषण आहे : अपराध केलेल्या शत्रूचीही प्राणहिंसा त्याला आवडत नसे. ज्याने एका वंशाचा निःशेष उच्छेद केला, त्याच्याविषयी त्याच परिच्छेदात हे म्हटले आहे. श्रद्धाळू वाचक येथे अडखळतो, संशयी वाचक हसतो. कृतीकडे पाहिले तर मात्र विरोध उलगडतो. लेणे भिक्षुसंघाला दिले जात आहे आणि अहिंसेचे विशेषण त्या प्रतिग्रहीत्याच्या दिशेने तोंड करून उभे आहे. मातृसेवेचे विशेषण दात्रीच्या दिशेने, आणि वंशोच्छेदाचे विशेषण राज्याच्या दिशेने. प्रशस्तीतील राजा हा एक मनुष्य नव्हे. दानाच्या प्रसंगी हजर असलेल्या निरनिराळ्या पक्षांना दाखविलेले ते निरनिराळे चेहरे आहेत. त्या सर्वांना एका व्यक्तिचित्रात कोंबणे, ही चूक प्रशस्तिकाराची नव्हे, आपली आहे.

वर्णसंकर थांबविल्याचा दावाही असाच तपासण्यासारखा आहे. कान्हेरीच्या एका लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाची राणी कार्दमक राजांच्या कुळातली असल्याचे म्हटले आहे. ती महाक्षत्रप रुद्रदाम्याची कन्या, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे ज्या घराने शकांच्या नाशाचा व संकर रोखल्याचा अभिमान दगडात कोरला, त्याच घरात पुढे शककन्या सून म्हणून आली. संकर थांबविल्याची ग्वाही इतक्या मोठ्या आवाजात द्यावी लागली, यातच तो थांबत नव्हता याची कबुली असावी.

गिरनारजवळ जुनागढच्या खडकावर, अशोकाच्या आज्ञालेखांच्या सान्निध्यात, याच रुद्रदाम्याची प्रशस्ती आहे. शकवर्ष ७२ मध्ये, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, वादळी पावसाने सुदर्शन तलावाचा बांध फुटला. तो दुरुस्त केल्याची हकीकत हा तिचा विषय. अलंकृत संस्कृत गद्यातील हा सर्वांत जुना दीर्घ कोरीव लेख. दक्षिणापथपती सातकर्णीला सरळ युद्धात दोनदा हरवूनही निकट नात्यामुळे त्याचा उच्छेद केला नाही, असे तो सांगतो. सुराष्ट्र, कुकुर, अपरान्त, अनूप, आकरावन्ती हे प्रदेश नाशिकच्या लेखात गौतमीपुत्राकडे आहेत. येथे ते रुद्रदाम्याकडे आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे अतिस्तुती हीच अतिस्तुतीची उलटतपासणी कशी करते, ते दिसते.

तथापि जुनागढच्या लेखातील अधिक मोलाचे वाक्य युद्धाविषयीचे नाही. बांध पुन्हा बांधताना राजाने नगरातील व जनपदातील लोकांना कर, विष्टी म्हणजे वेठ, आणि प्रणय नावाची सक्तीची देणगी यांचा त्रास दिला नाही, स्वतःच्या कोशातून द्रव्य खर्च केले, अशी स्तुती तेथे आहे. फूट इतकी प्रचंड होती की अमात्यांनी हे काम हाती घेण्यास विरोध केला, आणि बांध पुन्हा होत नाही हे कळल्यावर लोकांनी हाय खाल्ली, असेही लेखच सांगतो. स्तुतीच्या या निषेधरूपाकडे लक्ष द्यावयास हवे. एखादी गोष्ट केली नाही म्हणून राजाची वाखाणणी होते, तेव्हा ती गोष्ट करणे हा रिवाज असतो. त्या काळच्या शेतकऱ्याने आपल्या वेठीविषयी एकही ओळ लिहून ठेवलेली नाही. त्याच्या पाठीवरच्या ओझ्यांची नावे आपल्याला राजाच्या स्तुतीतून ओळीने मिळतात. प्रशस्ती टरफल म्हणून फेकून देणारा वाचक हा साक्षीदारही गमावतो.

४

आतापर्यंत प्रशस्तिकाराच्या अतिस्तुतीचा विचार झाला. तिच्यावर इतिहासकाराने चढविलेला दुसरा मजला याहून धोक्याचा असतो. त्याचे ठळक उदाहरण म्हणजे समुद्रगुप्ताची प्रयाग येथील स्तंभावरील प्रशस्ती.

हरिषेण हा सांधिविग्रहिक, कुमारामात्य आणि महादंडनायक होता. परराष्ट्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलेली ही रचना आहे, हे तिच्या क्रियापदांवरून ओळखता येते. आर्यावर्तातील नऊ राजांची नावे घेऊन त्यांचा बळाने उच्छेद केला असे तो म्हणतो. दक्षिणापथातील बारा राजांना पकडून कृपेने सोडून दिले, अटवीराज्यांना सेवक बनविले, सीमेवरच्या राज्यांनी कर, आज्ञापालन व प्रणाम केला. आणि शाही, शक, मुरुंड, सिंहल आदींनी आत्मनिवेदन, कन्यादान आणि गरुडमुद्रांकित शासनाची याचना केली. विशेषणांचा सूर आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखा चढा आहे, पण क्रियापदे मात्र अंतराबरोबर सौम्य होत जातात. उच्छेद, ग्रहणमोक्ष, सेवा, कर, याचना, अशी ही उतरंड आहे. राजधानीपासून दूर जाताना सत्ता कशी विरळ होत गेली, याचा इतका प्रामाणिक आलेख गद्य अहवालातही क्वचित मिळाला असता. सिंहलाच्या याचनेची दुसरी बाजू एका चिनी वृत्तान्तात टिकून आहे. सिंहलाच्या मेघवर्णाने बोधगयेला आपल्या भिक्षूंसाठी विहार बांधण्याची परवानगी मागण्यास समुद्रगुप्ताकडे दूत व नजराणे पाठविले होते. धर्मकार्यासाठी केलेली विनंती प्रशस्तीच्या व्याकरणात शरणागती झाली.

ही उतरंड हरिषेणाने लपविली नाही. ती पुसली गेली विसाव्या शतकात. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्राचीन भारताच्या इतिहासात समुद्रगुप्ताला हिंदुस्थानचा नेपोलियन म्हटले, आणि पुढील राष्ट्रवादी इतिहासलेखनाने ही उपाधी आनंदाने स्वीकारली. त्याच सुमारास त्याच्या दक्षिण मोहिमेचा मार्गही लांबला. यादीतील एरंडपल्ल म्हणजे खानदेशातील एरंडोल आणि देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र, असे समीकरण फ्लीट यांनी सुचविले होते. त्यामुळे विजेत्याची परतीची वाट महाराष्ट्र व खानदेशातून काढता आली. १९२० साली झूव्हो-द्युब्रय यांनी दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या ग्रंथात कलिंगाकडील ताम्रपटांच्या आधारे ही दोन्ही स्थळे पूर्व किनाऱ्यावर नेली आणि महाराष्ट्रातील मोहीम नकाशावरून नाहीशी झाली. दक्षिणापथाच्या त्या यादीत विदर्भाच्या वाकाटकांचे नाव नाही, ही गोष्ट तेव्हा कुठे अर्थपूर्ण वाटू लागली.

प्रशस्तिकाराने न केलेला दावा येथे इतिहासकाराने त्याच्या नावावर जमा केला. तो शब्दसाम्यामुळे झाला हे खरे, पण शब्दसाम्य पुरेसे वाटले ते आधीच तयार झालेल्या भव्य प्रतिमेमुळे. अतिस्तुतीची ही दुसरी पायरी ओळखणे अवघड असते. पहिलीला छंद असतात, अलंकार असतात. दुसरी साध्या गद्यात, तळटीपांसह येते.

५

ऐहोळे येथील मेगुटी जिनालयावरील रविकीर्तीची प्रशस्ती शके ५५६ ची, म्हणजे इ. स. ६३४-३५ ची आहे. बदामीच्या चालुक्य दुसऱ्या पुलकेशीचे हे चरित्रकाव्य महाराष्ट्राच्या अभ्यासकाला विशेष परिचित असते, कारण नव्याण्णव हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख तेथे येतो. या आकड्यावरून लोकवस्तीची गणिते मांडण्याचा मोह होतो. गंगवाडी शहाण्णव हजार, बनवासी बारा हजार, नोळंबवाडी बत्तीस हजार, रट्टपाडी साडेसात लाख, अशा प्रदेशनामांना चिकटलेल्या संख्यांची दक्षिणेतील परंपरा लक्षात घेतली म्हणजे हा मोह आवरावा लागतो. येथे संख्या मोजणीपेक्षा नावाचाच भाग होऊन बसलेली असते.

हर्षवर्धनाच्या पराभवाचे प्रसिद्ध वर्णन श्लेषावर उभे आहे. भयाने हर्षाचा हर्ष मावळला, असा त्याचा आशय. नुसत्या श्लेषावर कोणी विश्वास ठेवू नये. पण ह्युएन त्संग इ. स. ६४१ च्या सुमारास या प्रदेशात आला होता. शिलादित्य हर्षाने जातीने मोहीम करूनही येथील लोकांना तो नमवू शकला नाही, असे त्याने नोंदविले. हा प्रवासी हर्षाच्या आदरातिथ्याचा भोक्ता होता, त्याला पुलकेशीची स्तुती करण्याचे कारण नव्हते. श्लेष हा भाषेचा खेळ असूनही त्यातील विधान अनुवाद ठरते. अलंकृत म्हणून असत्य, हे समीकरण येथे कोसळते.

याच काव्यात फुगवट्याची जागा कोठे आहे? ती हर्षाच्या पराभवात नाही. पुलकेशीचा चुलता मंगलेश याने स्वतःच्या मुलासाठी राज्य राखण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नात राज्य आणि प्राण दोन्ही गमावले, असे रविकीर्ती सांगतो. लगेच पुढे छत्रभंग झाल्यावर सारे जग शत्रुरूपी अंधाराने ग्रासले आणि पुलकेशीच्या प्रतापाच्या किरणांनी ते पुन्हा उजळले, असे वर्णन येते. एका घरातील वारसाहक्काचा रक्तरंजित तंटा येथे ग्रहण आणि सूर्योदय होतो. राज्यावर बसलेल्या चुलत्याला मारून मिळविलेल्या सिंहासनाला विश्वाच्या प्रकाशाची गरज लागावी, हे स्वाभाविक आहे. दंडीने ज्याला लौकिकाची मर्यादा म्हटले, ती नेमकी तेथे ओलांडली जाते जेथे लौकिकात उत्तर नाही.

कांचीच्या पल्लवराजाला सैन्याच्या धुळीने झाकून तटबंदीआड दडावयास लावले, असेही रविकीर्ती म्हणतो. त्यानंतर आठ वर्षांच्या आत, इ. स. ६४२ च्या सुमारास, पल्लव नरसिंहवर्म्याने बदामीच जिंकली. त्याचा लेख तेथील खडकावर आहे. पुढे पल्लवांच्या कूरम ताम्रपटात या विजयाची प्रशस्ती आली. पळणाऱ्या पुलकेशीच्या पाठीवर, जणू ताम्रपत्रावर लिहावे तशी, नरसिंहवर्म्याने विजय या शब्दाची अक्षरे लिहिली, अशी ती कल्पना आहे. दोन दरबारांची ही उत्तरे-प्रत्युत्तरे वाचताना दंडीची आठवण होते. त्याचे वास्तव्य सातव्या शतकाच्या उत्तरार्धात पल्लवांच्या कांचीतच मानले जाते. अत्युक्ती ही गौडांची आवड म्हणून त्याने पूर्वेकडे ढकलली, तेव्हा त्याच्या उशाशीच ती राजशासन होऊन बसली होती. रुचीचे भूगोल बहुधा असेच आखले जातात : दोष शेजाऱ्याच्या नावावर.

६

चारशे वर्षांनंतरचा बिल्हण हा या सर्व प्रकाराविषयी सर्वांत सजग असलेला कवी. काश्मीर सोडून फिरत फिरत तो कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या (राज्यकाल १०७६ ते ११२६) आश्रयाला आला आणि विद्यापती झाला. त्याच्या विक्रमांकदेवचरिताचे हस्तलिखित ब्यूलर यांना जैसलमेरच्या ग्रंथभांडारात मिळाले व १८७५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. राजांनी कवींना दुखवू नये, कारण रावणाचे यश संकोचले आणि रामाचे पसरले ते आदिकवीच्या प्रभावाने, असा इशारा तो आरंभीच्या सर्गातच देऊन ठेवतो. स्तुतीचा सौदा इतका उघड बोलून दाखविणारा दरबारी कवी विरळा.

त्याच्यापुढची अडचण रविकीर्तीसारखीच होती. विक्रमादित्याने थोरला भाऊ दुसरा सोमेश्वर याला पदच्युत करून राज्य घेतले होते. काव्यात मात्र पिता आहवमल्ल धाकट्यालाच युवराज करू पाहतो आणि धाकटा थोरल्याच्या हक्कासाठी नकार देतो. पुढे थोरला सन्मार्ग सोडतो. शेवटी युद्धाचा प्रसंग येतो तेव्हा स्वतः शंकर विक्रमाला भावाशी लढण्याची आज्ञा देतो. आज्ञा एकदा देऊन भागत नाही, ती पुन्हा पुन्हा द्यावी लागते. बंधुद्रोहाच्या आरोपाला दरबारात किती धार असेल, याचे माप या दैवी आग्रहात सापडते. बिल्हणाच्या कथेवर विश्वास ठेवण्याचे कारण नाही. परंतु तो कोणत्या आरोपाला उत्तर देतो आहे, याविषयी त्याच्याइतका विश्वासू साक्षीदार दुसरा नाही.

याच राजाच्या काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वारसाहक्काच्या विवेचनासाठी पुढे शतकानुशतके प्रमाण मानल्या गेलेल्या या काटेकोर ग्रंथाच्या शेवटी कल्याणासारखे नगर नाही, विक्रमार्कासारखा राजा नाही आणि विज्ञानेश्वरासारखा पंडित नाही, अशी तिहेरी स्तुती आहे. भावाचा वारसा घेणाऱ्या राजाच्या छायेत वारसाहक्काचे शास्त्र लिहिणाऱ्या पंडिताने ही स्तुती ग्रंथाच्या बाहेर, समाप्तीच्या श्लोकांत ठेवली आणि विवेचनात मिसळू दिली नाही. कोणती उक्ती कोठे बसते याचे भान त्याला होते. हे भानच अतिस्तुतीपासून ज्ञानाचे रक्षण करते.

त्याच शतकाच्या मध्यावर, ११४८ ते ११५० या काळात, काश्मिरात कल्हणाने राजतरंगिणी रचली. भूतकाळ सांगणाऱ्याची वाणी न्यायाधीशासारखी राग-द्वेष सोडून असावी, हा त्याने घालून दिलेला आदर्श. तरीही रणादित्य नावाच्या एका राजाला तोच तीनशे वर्षांचे राज्य देतो. आदर्श मांडल्याने माणूस परंपरेच्या ओझ्यातून सुटत नाही, एवढा धडा यातून घ्यावा. कल्हणाचे मोठेपण त्यामुळे कमी होत नाही. आपल्या शास्त्यांची निंदा आणि स्तुती एकाच लेखणीने करण्याचे धैर्य त्याने दाखविले, आणि म्हणून त्याची स्तुती वजनदार ठरली. ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही त्याच्या होकाराला किंमत नसते.

७

हा सारा विचार प्राचीन शिलालेखांपुरता ठेवला तर तो पुराणवस्तुसंग्रहालयात जमा होईल. आपल्या समीक्षाव्यवहारातही प्रशस्ती जिवंत आहे. विल्यम जोन्स यांनी १७८९ साली शाकुंतलाच्या आपल्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत कालिदासाला हिंदुस्थानचा शेक्सपिअर म्हटले. हा शुद्ध अर्थवाद होता. युरोपीय वाचकाने हे नाटक हाती घ्यावे, हा त्यामागचा विधी. त्या प्रसंगी ती स्तुती आपले काम करून गेली. नंतरच्या पिढ्यांनी तिला विधान समजून अमुक आमचा स्कॉट, तमुक आमचा शेली अशा जोड्या लावण्याचा उद्योग केला, तेव्हा ती ना स्तुती राहिली ना समीक्षा. उपमानाची उंची उपमेयाला भाड्याने देण्याचा तो व्यवहार झाला. ज्या कवीला त्याच्या परंपरेत वाचावयाचे, त्याला परक्या शिखराशी बांधून आपण त्याचे स्वतःचे मोजमाप हरवून बसलो.

गौरवग्रंथ, प्रस्तावना, अमृतमहोत्सवी विशेषांक यांतील लेखनाचीही हीच गत आहे. तो दानप्रसंग आहे, आणि दानप्रसंगी स्तुती व्हावयाचीच. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. अनर्थ सुरू होतो तो पुढे. गौरवग्रंथातील वाक्य दहा वर्षांनी वाङ्मयेतिहासात अवतरणचिन्हांवाचून शिरते, त्यावरून पाठ्यपुस्तकातील टीप तयार होते, आणि विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत ते वस्तुस्थिती होऊन बसते. यात नुकसान होते ते केवळ सत्याचे नाही. ज्याची अवाजवी स्तुती झाली त्या लेखकाचेच नुकसान अधिक होते. कारण फुगविलेली प्रतिमा फुटते तेव्हा तिच्याबरोबर त्याचे खरे, मध्यम आकाराचे, टिकाऊ काम लोकांच्या नजरेआड जाते. आणि ज्यांच्यासाठी प्रशस्ती कोणी लिहिलीच नाही, त्यांच्या वाट्याचा अवकाशही ती खाऊन टाकते. प्रबंधलेखन करणाऱ्या अभ्यासकाने म्हणून अशा प्रत्येक वाक्याला जुनेच दोन प्रश्न विचारावेत : याला अन्य प्रमाण काय, आणि हे कोणत्या कृतीच्या शेजारी उच्चारले गेले?

शेवटी पुन्हा रविकीर्तीकडे येतो. प्रशस्तीच्या अखेरीस त्याने स्वतःचीही स्तुती केली आहे. काव्याच्या बळावर आपण कालिदास व भारवी यांच्या कीर्तीला पोचलो, असे तो म्हणतो. हा दावा काळाने मान्य केला नाही. या एका प्रशस्तीपलीकडे त्याची कोणतीही रचना आपल्यापर्यंत आलेली नाही. परंतु कालिदासाचा काळ ठरविताना संशोधकांना खालची निश्चित मर्यादा मिळते ती याच वाक्यामुळे. इ. स. ६३४ मध्ये दूर दक्षिणेतील एका जैन मंदिराच्या भिंतीवर ज्याचे नाव मोठेपणाचे माप म्हणून कोरले गेले, तो कवी त्यापूर्वीचाच असला पाहिजे. रविकीर्तीने स्वतःला जे देऊ केले ते त्याला मिळाले नाही, आणि ज्यांच्याकडून मोठेपण उसने घेतले त्यांना मात्र त्याच्या शब्दांनी इतिहासात पक्की जागा दिली. अतिस्तुतीचे वाक्य ज्याच्यासाठी लिहिले जाते त्याच्याविषयी ते पुष्कळदा खोटे असते. पण ज्या मापाने ते मोजू पाहते त्या मापाविषयी ते सहसा खोटे बोलत नाही.